एक पासोडी, एक पुराण आणि पाद्री ॲबट

बीड जिल्ह्याचा साद्यंत इतिहास लिहावयास जो कोणी बसेल त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो दफ्तराचा. यादवांपासून आसफजाही निजामापर्यंत ज्या प्रांताने अनेक सत्ता पाहिल्या, त्या प्रांताचे कागद एका छपराखाली असावेत ही अपेक्षाच व्यर्थ होय. जमाबंदीचे व इनामांचे फार्सी कागद हैदराबादच्या दफ्तर-ए-दिवानीत गेले. चौथ-सरदेशमुखीचे, मोहिमांचे आणि 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदाकाठी राक्षसभुवनास झालेल्या लढाईसंबंधीचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात राहिले. आणि देशमुख-देशपांड्यांच्या, मठांच्या व देवस्थानांच्या सनदा, महजर, वंशावळी ज्याच्या त्याच्या वाड्यात, खारव्याच्या रुमालात बांधून, माळ्यावर पडून राहिल्या. हे तिन्ही संग्रह संशोधकांना ठाऊक आहेत आणि त्यांच्या मागे लागून आयुष्ये वेचणारी माणसे या भूमीत झाली आहेत. परंतु या जिल्ह्याच्या, विशेषतः अंबाजोगाईच्या, भूतकाळाशी निगडित असलेला आणखी एक कागदपत्रांचा धागा आहे, आणि तो धागा पुणे किंवा हैदराबाद येथे न संपता लंडनच्या एका विद्यालयापर्यंत व अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांताच्या समिट नावाच्या गावापर्यंत जातो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नाही. त्या धाग्याचे टोक ज्याच्या हाती होते तो गृहस्थ ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. त्याचे नाव जस्टिन एडवर्ड्स ॲबट.

ॲबट यांच्याकडे वळण्यापूर्वी अंबाजोगाईकडे पाहिले पाहिजे, कारण त्यांनी ज्याचे चरित्र इंग्रजीत नेले तो पुरुष तेथला. जोगाईचे आंबे हे या गावाचे जुने नाव. निजामी अमलात त्याचे मोमिनाबाद झाले आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी पडली. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलस्वामिनी असल्यामुळे सह्याद्री उतरून गेलेली घराणीही कुळाचाराकरिता या बालाघाटच्या पठारावर येत असत. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी परंपरेने येथेच दाखविली जाते. आणि नृसिंहतीर्थावर समाधी आहे ती सर्वज्ञ दासोपंतांची.

दासोपंतांचा जन्म शके 1473 मधला, म्हणजे इसवी सन 1551 चा. वडील दिगंबरपंत हे बेदरच्या बरीदशाहीतील नारायणपेठ येथले देशपांडे. घर सोडल्यावर दासोपंत माहुरास गेले, नंतर राक्षसभुवनास दत्तपादुकांच्या सेवेत राहिले आणि अखेर आंब्यास येऊन स्थिर झाले. तेथे त्यांनी जे लिहिले त्याचा विस्तार पाहिला म्हणजे वाचकाची छातीच दडपते. गीतेवरील त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते, त्याखेरीज ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’, आणि रागरागिण्यांत बांधलेल्या पदांचा ‘पदार्णव’. रोज एका ढबू पैशाची शाई त्यांना लागे, अशी आख्यायिका आंब्यात सांगतात. आणि ग्रंथांचा पसारा पाहता त्या आख्यायिकेला अतिशयोक्ती म्हणावयास मन धजत नाही.

या सगळ्यात दफ्तराच्या दृष्टीने अद्वितीय अशी वस्तू म्हणजे पासोडी. अंगावर पांघरावयाच्या जाड्याभरड्या कापडाचा, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असा पट घेऊन दासोपंतांनी त्यावर पंचीकरणाचे विवरण लिहिले. पाच महाभूतांच्या मिश्रणातून देह व विश्व कसे घडते हे सांगणाऱ्या सुमारे सोळाशे ओव्या, आणि त्यांच्या जोडीला तत्त्वांची विभागणी दाखविणाऱ्या आकृती व कोष्टके, असे त्या पटाचे स्वरूप आहे. पोथीचे पान उलटले की मागचे दृष्टीआड होते. पासोडी उलगडली की संपूर्ण शास्त्र एकाच वेळी डोळ्यांपुढे पसरते, आणि शिकविणाऱ्याने बोट ठेवून एका तत्त्वापासून दुसऱ्यापर्यंत शिष्याला न्यावे, अशी तिची मांडणी आहे. कापड कुजते, त्याला कसर लागते, घडीच्या रेषेवर ते आधी विरते आणि अक्षरे त्या विरण्याबरोबर जातात. तरीही तीन शतकांहून अधिक काळ हा पट टिकला, तो कोणत्या सरकारी दफ्तरखान्यामुळे नव्हे, तर देवघरातील पूज्य वस्तू म्हणून वंशजांनी त्याची जपणूक केली म्हणून. आंब्यातील थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही नावे तिथल्या माणसाला पत्त्यासारखी परिचित आहेत. आमच्याकडील अर्ध्याअधिक हस्तलिखितांचे खरे दफ्तरदार अशी देवघरेच होत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या देवघरांचे दार अभ्यासकांसाठी उघडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांच्या पिढीच्या संशोधकांमुळे. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, पायी हिंडून राजवाड्यांनी जे धन मिळविले त्यात बीड जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. त्यांनी 1909 साली छापलेली ज्ञानेश्वरी ही बीडच्या पाटांगणावर हाती आलेल्या पोथीवरून सिद्ध केलेली. आणि ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही, ही हळहळ अजून संपलेली नाही. पाटांगणाची पोथी छापली जाऊनही हरवली आणि आंब्याची पासोडी न छापता टिकली, हा दोन वस्तूंचा भिन्न भाग्यलेख बीडच्या इतिहासकाराने नीट पाहावा असा आहे.

आता ॲबट. त्यांचा जन्म 1853 चा. वडील अमोस ॲबट अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनात होते, त्यामुळे मराठी भाषा ही पुत्राला परदेशात येऊन शिकावी लागलेली भाषा नव्हे, तर घराण्याच्या उद्योगाचा भागच होती. हे मिशन महाराष्ट्रातले सर्वांत जुने प्रॉटेस्टंट मिशन. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे त्याचे पहिले दोन पाद्री 12 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईस उतरले. 1831 मध्ये अहमदनगरचे ठाणे बसले. 1842 मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. नगर आणि बीड यांच्यामधील सरहद्द ही एका बाजूस इंग्रजी मुलूख आणि दुसऱ्या बाजूस मोगलाई अशी राजकीय सरहद्द होती. परंतु बाजार, यात्रा, सोयरीक आणि दुष्काळातले स्थलांतर यांनी ती कधी जुमानली नाही. निजामाच्या मुलखात ख्रिस्ती वस्ती उभी करण्याचा मोठा प्रयत्न जालन्यास रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी केला आणि बेथेल नावाचे गाव वसविले, ही हकीकतही याच पट्ट्यातली.

धर्मशास्त्राचे अध्ययन करून ॲबट मुंबईस आले आणि सुमारे तीस वर्षे तेथे राहिले. पाद्र्याचे काम सांभाळून त्यांची दृष्टी सदैव जुन्या वस्तूंच्या शोधात असे. भोर संस्थानातील नाडसूर व नेणवली येथील बौद्ध लेणी विद्वानांच्या नजरेस आणून देण्यात त्यांचा हात होता आणि त्यासंबंधीचे त्यांचे लेखन 1891 साली ‘इंडियन अँटिक्वरी’त आले. नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ॲबट त्याच मिशनचे मुंबईतील पाद्री होते. आपल्या नव्या धर्माकडे तुकारामाच्या पुलावरून आलो असे सांगणारा टिळकांसारखा कवी ज्या मिशनात वावरला, त्या मिशनातल्या पाद्र्याने संतचरित्रांकडे वळावे यात मला आश्चर्य वाटत नाही. उलट टिळकांच्या सहवासातील वातावरणच या वळणाला कारण झाले असावे, असे मानण्याकडे माझा कल आहे.

सेवानिवृत्त होऊन ॲबट समिट येथे राहू लागले आणि तेथे, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांनी ‘महाराष्ट्राचे संतकवी’ ही इंग्रजी भाषांतरांची माला हाती घेतली. पहिला ग्रंथ भानुदासांवरचा, तो 1926 साली निघाला. मग एकनाथ, भिक्षुगीता, दासोपंत, बहिणाबाई, स्तोत्रमाला, तुकाराम, रामदास असे ग्रंथ एकामागून एक पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडत राहिले. 1932 साली ॲबट निवर्तले, तरी माला थांबली नाही. पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने झालेले महीपतींच्या भक्तविजयाचे व भक्तलीलामृताचे भाषांतर 1933 ते 1935 या काळात प्रसिद्ध झाले आणि त्या कामी जे. एफ. एडवर्ड्स या पुण्याच्या धर्मशास्त्राध्यापकाने परिश्रम घेतले.

या नामावलीकडे नकाशा समोर ठेवून पाहावे. भानुदास आणि एकनाथ पैठणचे, भिक्षुगीता हा एकनाथी भागवताचाच भाग, दासोपंत आंब्याचे, बहिणाबाई वैजापूरकडील देवगावच्या, समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब. म्हणजे ॲबट यांनी स्वतः निवडलेल्या चरित्रांपैकी बहुतेकांची जन्मभूमी किंवा कर्मभूमी मोगलाईतली. पुण्या-मुंबईच्या विद्वत्तेला त्या काळी मराठवाडा हा पलीकडच्या राज्यातला, फार्सी-उर्दू कारभाराचा, रेल्वेच्या एका फाट्याने कसाबसा जोडलेला प्रदेश वाटे, आणि हैदराबादच्या दरबाराला त्याच्या मराठी वाङ्मयाशी फारसे कर्तव्य नव्हते. अशा वेळी या प्रदेशाची भक्तिपरंपरा सलगपणे जगापुढे मांडण्याचे काम एका अमेरिकन पाद्र्याने केले. हे काम मराठवाड्याच्या सारस्वताच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदविले पाहिजे, आणि ते नोंदविताना त्याचा धर्म कोणता होता याने हात आखडण्याचे काही कारण नाही.

दासोपंतांवरचा ग्रंथ हा मालेतील चौथा. त्यात ओवीबद्ध दासोपंतचरित्राचे भाषांतर आहे. चरित्रातील मुख्य प्रसंग महाराष्ट्रात अनेकांच्या तोंडी असलेला: दिगंबरपंतांकडून सरकारी वसूल भरला गेला नाही, बादशहाने बाकीपोटी त्यांच्या कोवळ्या मुलाला बेदरास ओलीस ठेवून घेतले, महिन्याची मुदत घातली, मुदतीत रक्कम न आली तर मुलाला मुसलमान करू असे बजावले. मुदत संपत आली असता दत्ताजी पाडेवार नावाचा एक गावकामगार दरबारात आला, त्याने पैन्‌पै भरून दिली आणि मुलाला सोडविले. तो पाडेवार म्हणजे प्रत्यक्ष दत्तात्रेय. हीच बेदरनगरी आणि हीच कथेची चौकट दामाजीपंतांच्या आख्यानात आहे. तेथे विठ्ठल महाराच्या रूपाने येतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यात उरते ते थोडे नाही. वसुलाची जबाबदारी देशपांड्यावर व्यक्तिशः कशी असे, बाकीच्या जामिनकीत घरातील माणूस कसा अडकविला जाई, आणि दुष्काळ व दरबार यांच्या कात्रीत वतनदार कसा सापडे, हे कोणत्याही ताळेबंदापेक्षा ही कथा अधिक स्पष्ट सांगते. परंतु ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याच्या हाडीमांसी भिनलेले आहे अशा वाचकाला या कथेत आणखी काय दिसले असेल? देव दासाचे रूप घेऊन येतो, दुसऱ्याचे ऋण आपण फेडतो आणि बंदिवानाला मोकळे करतो, ही कल्पना त्या धर्मशास्त्राच्या अगदी गाभ्यातली आहे. शिवाय नगर जिल्ह्यात ज्या समाजातून मिशनच्या मंडळ्या मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या त्या महार समाजातील सेवकाचे रूप देवाने घ्यावे, हा तपशील अहमदनगरच्या मिशनात वाढलेल्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. आणि ज्या कथेत बळाने धर्मांतर घडविण्याची धमकी हाच संकटाचा कळस आहे, ती कथा धर्मांतराच्या कार्याला वाहून घेतलेल्या एका पाद्र्याने काटछाट न करता, कथेतल्या देवाची अप्रतिष्ठा न करता इंग्रजीत उतरविली, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

ॲबट यांच्या कामाची दुसरी बाजू अशीच मोलाची असून ती त्यांना पुन्हा दासोपंतांच्याच काळात नेते. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616, 1649 आणि 1654 साली रोमन लिपीत छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1907 साली मंगळूरहून सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून रोमन लिपीतच त्याचे प्रकाशन केले. तेव्हापासून विद्वानांना खटकत राहिले ते असे, की ज्या मराठीचे कौतुक खुद्द स्टीफन्सने तोंड भरून केले ती मराठी देवनागरी वेषात का सापडू नये? उत्तर लंडनमध्ये होते. सुमात्रेचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्यापंडिताने आपला हस्तलिखितांचा संग्रह 1835 साली किंग्ज कॉलेजला दिला होता. पुढे तो स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज या विद्यालयाकडे आला. त्या संग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत दडलेली होती. ती ओळखून, तिचे महत्त्व सांगणारा लेख ॲबट यांनी त्याच विद्यालयाच्या वार्तापत्रात 1923 साली प्रसिद्ध केला. रोमन प्रतीत जेथे पोर्तुगीज-लॅटिन संज्ञा येतात तेथे या प्रतीत संस्कृत शब्द आढळतात, त्यामुळे हा ग्रंथ मराठी पुराणपरंपरेच्या किती जवळचा आहे हे अभ्यासकांना अधिक नीट उमगले. संग्रहाची यादी झालेली असते, पुस्तक फळीवर असते, पण ते काय आहे हे ओळखणारा माणूस यावा लागतो. दफ्तरखान्यांच्या इतिहासात असे प्रसंग विरळाच.

येथे दोन जंत्र्या शेजारी ठेवाव्यात. स्टीफन्सचा जन्म 1549 च्या सुमाराचा, दासोपंतांचा 1551 चा. दोघेही ओवी लिहीत होते, दोघांनाही आपले शास्त्र संस्कृत किंवा लॅटिन न जाणणाऱ्या लोकांपर्यंत देशभाषेतून न्यावयाचे होते. एक सह्याद्रीच्या पश्चिमेस पोर्तुगीज अमलात, एक बालाघाटावर, दख्खनी सुलतानांच्या मुलखात. दासोपंतांनी देह ठेवला तो शके 1537 च्या माघ वद्य षष्ठीस. शकात सरळ 78 मिळवून पुस्तकांतून ते वर्ष 1615 असे छापतात, पण माघ महिना इसवी सनाच्या पुढच्या वर्षात पडतो, म्हणून ते 1616 चे आरंभीचे दिवस होत. आणि त्याच 1616 साली ख्रिस्तपुराण गोव्यातील रायतूरला प्रथम छापून बाहेर पडले. या दोन समकालीनांची एकमेकांना वार्ताही असण्याचे कारण नव्हते. तीन शतकांनी एकाच वाचकाच्या मेजावर, पाच-सात वर्षांच्या अवधीत, दोघेही आले. आणि तो वाचक समिटच्या घरात बसून मराठी वाचणारा ॲबट होता. मराठी वाङ्मयाचा सोळाव्या शतकातला विस्तार आंब्यापासून गोव्यातील साष्टीपर्यंत एकाच दृष्टिक्षेपात पाहण्याची संधी त्याच्याआधी फार थोड्यांना मिळाली असेल.

ॲबट ज्या मिशनचे होते त्याचे मूळ दफ्तर, म्हणजे ते चालविणाऱ्या अमेरिकन बोर्डाची पत्रे, अहवाल आणि हिशेब, आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. या दफ्तराचा उपयोग करताना त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. ती पत्रे बोस्टनला वर्गणीदारांच्या समितीसाठी लिहिलेली आहेत. त्यांत बाप्तिस्म्याचे आकडे, शाळांची हजेरी, दुष्काळातील मदत यांना प्राधान्य आहे आणि स्थानिक समाजाविषयी पुष्कळदा घाईचे निर्णय आहेत. पण दुष्काळी वर्षांत गोदावरीच्या दोन्ही काठांवरून नगरकडे आलेली माणसे, धान्याचे भाव, पटकीच्या साथी, बाजारपेठांतील बोलणी, अशा गोष्टी निजामाच्या फार्सी-उर्दू कागदांत ज्या प्रकारे येत नाहीत त्या प्रकारे या पत्रांत येतात, कारण लिहिणारा वसूल करावयास आलेला नसे. म्हणून मराठवाड्याच्या एकोणिसाव्या शतकासाठी दफ्तर-ए-दिवानी आणि मिशनचे दफ्तर ही दोन्ही जोडीने वाचावी लागतात. एकट्याने कोणतेही पुरे पडत नाही.

ॲबट यांच्या कामाची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. त्यांनी दासोपंतांचे चरित्र नेले, दासोपंतांचा ग्रंथ नेला नाही. चरित्रकाराला चमत्कार प्रिय आणि दासोपंतांना स्वतःला तत्त्वविचार प्रिय. इंग्रजी वाचकापुढे त्यामुळे सुटका झालेला मुलगा उभा राहिला, चाळीस फुटी पटावर विश्वाची मांडणी करणारा आचार्य उभा राहिला नाही. यात दोष भाषांतरकाराचा कमी आणि आमचा अधिक, कारण त्या काळी गीतार्णवाचे काही अध्यायच छापलेले होते आणि पासोडी देवघरातच होती. पासोडी छापून लोकांपुढे यावयास न. शे. पोहनेरकरांसारख्या मराठवाड्यातल्याच संशोधकाचे परिश्रम कारणी लागले. ख्रिस्तपुराणाची संपूर्ण देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून काढली ती 1956 साली, म्हणजे ॲबट यांच्या लेखानंतर तेहेतीस वर्षांनी. आणि त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला.

राज्य बदलले तशी जिल्ह्याची जुनी दफ्तरे काही हैदराबादेस राहिली, काही मुंबई-पुण्याकडे वळली, काही तहसिलीच्या कोठड्यांत गेली. अंबाजोगाईत आज शाळा-महाविद्यालये आहेत, वाचणारी मंडळी आहेत. त्यांच्यापुढे माझी एक मागणी आहे: दासोपंतांच्या ग्रंथांची जी हस्तलिखिते देवघरांत व संस्थांत आहेत त्यांची पाने, अवस्था, लेखनकाल यांसह एकत्र यादी व्हावी, पासोडीच्या प्रत्येक घडीचे, विरलेल्या कडेसकट, छायाचित्र घेतले जावे, आणि ॲबट यांचा तो चौथा ग्रंथ मूळ ओवीबद्ध चरित्रासह, दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून, आंब्यातच पुन्हा छापला जावा. ज्या गावाच्या कवीला त्यांनी सातासमुद्रांपलीकडे ओळख मिळवून दिली त्या गावाच्या ग्रंथालयात त्यांच्या मालेचे सर्व खंड एका फळीवर असणे ही पहिली गोष्ट, आणि ती यंदाच होण्यासारखी आहे.